चौथ्या ओळीतली प्रार्थना

रुग्णभेटीची एक नोंद बरेच दिवस मनातून जात नाही. जेमतेम दीड पान. सेमिनरीतले, म्हणजे ख्रिस्ती पाळक घडवणाऱ्या शाळेतले, विद्यार्थी इस्पितळात जाऊन आले की अशी नोंद लिहितात: भेटीत कोण काय बोललं ते आठवून, जमेल तितकं शब्दाला शब्द, प्रत्येक ओळीला आकडा घालून. पहिल्या ओळीत विद्यार्थी आपलं नाव सांगतो. दुसरीत बाई म्हणतात, "बसा. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मुलगा येतो म्हणाला होता, आला नाही." तिसऱ्या ओळीत शब्द नाहीत, कंसात नुसतं ‘गप्प, खिडकीकडे बघतात’ असं आहे. आणि चौथी ओळ विद्यार्थ्याची: "आपण प्रार्थना करू या का?" पुढे ती प्रार्थना पूर्ण उतरवली आहे. भाषा चांगली, शास्त्राला धरून. डॉक्टरांसाठी, नर्सेससाठी, औषधोपचारासाठी, सगळ्या वॉर्डासाठी मागणं आहे. झोपेचा उल्लेख नाही. मुलाचा नाही. बाई "आमेन" म्हणतात, "बरं झालं आलात" म्हणतात आणि भेट संपते. खाली विद्यार्थ्याचा शेरा: भेट समाधानकारक.

त्या शेऱ्यात खोटेपणा नाही, म्हणूनच तो बोचतो. विद्यार्थी प्रामाणिक आहे, प्रार्थना मनापासूनची आहे, आणि तरीही ती प्रार्थना पळ काढायला वापरली गेली आहे. तिसऱ्या ओळीतली ती शांतता असह्य झाली आणि हाताशी जे होतं ते पुढे केलं. पाळकाच्या हाताशी प्रार्थनाच असते. सेमिनरीच्या वेळापत्रकात उपासना, पाळकीय सेवा आणि आत्मिक जडणघडण असे तीन वेगळे तास असतात, शिकवणारे वेगळे, गुण वेगळे. पण जो विद्यार्थी खाटेशेजारी चौथ्या ओळीत घाई करतो तोच चॅपेलमध्ये, म्हणजे सेमिनरीच्या प्रार्थनागृहात, पापांगीकारापूर्वीची (पापांच्या कबुलीपूर्वीची) शांतता दोन सेकंदांत उरकतो, आणि पहाटे स्वतःच्या खोलीत एका स्तोत्रावर दहा मिनिटं टिकत नाही. घाई एकच असते. ती कुठल्या तासाला दिसली एवढाच फरक.

इस्पितळातल्या या शिक्षणाची सुरुवात ज्या माणसाच्या नावाशी जोडली जाते ते अँटन बॉयसन १९२० मध्ये स्वतः तीव्र मानसिक आजारानं इस्पितळात होते. बरे झाल्यावर ते मॅसॅच्युसेट्समधल्या वुस्टर स्टेट हॉस्पिटलचे चॅप्लेन, म्हणजे इस्पितळातले पाळक, झाले आणि १९२५ च्या उन्हाळ्यात त्यांनी धर्मशास्त्राच्या मोजक्या विद्यार्थ्यांना तिथे आणलं. त्यांचं म्हणणं असं, की विद्यार्थी जसा ग्रंथ वाचायला शिकतो तसा त्यानं जिवंत माणूसही वाचायला शिकावा, तेवढ्याच काळजीनं, मधली पानं न गाळता. आकडे घातलेल्या संवादाच्या नोंदीची पद्धत पुढे रसेल डिक्स यांनी रुळवली. तिला ‘व्हर्बेटिम’ म्हणतात. अमेरिकेत आज या प्रशिक्षणाचं एक युनिट किमान ४०० तासांचं असतं आणि त्यातले किमान १०० तास गटात आणि मार्गदर्शकासोबत बसून या नोंदी तपासण्यात आणि शिकण्यात जातात. भेटी जेवढ्या महत्त्वाच्या तेवढंच नंतरचं ते बसणं. ते वगळलं तर भेटी वाढत जातात आणि सवय पक्की होते, चांगली असो वा वाईट.

व्हर्बेटिम लिहिण्याचे नियम साधे आहेत, पण प्रत्येकामागे कारण आहे. भेटीच्या वेळी कागद काढायचा नाही, ध्वनिमुद्रण करायचं नाही. समोरच्याच्या दुःखाचा मजकूर होतो आहे असं त्याला वाटता कामा नये. लिहायचं मात्र त्याच दिवशी, शक्यतो तासाभरात, कारण एक झोप झाली की मन स्वतःच्या सोयीनं संवाद दुरुस्त करतं. नाव, वॉर्ड, गाव बदलायचं. शब्दांइतकीच शांतता नोंदवायची, डोळ्यांतलं पाणी, दारातून डोकावलेली नर्स, मध्येच वाजलेला फोन. समास रुंद सोडायचा, आणि त्यात प्रत्येक ओळीसमोर आपल्याला आत काय झालं ते लिहायचं. हा समास बहुतेकांचा कोरा राहतो. गटात मार्गदर्शक विचारतात, "तिसऱ्या ओळीला तुझ्या पोटात काय झालं?" विद्यार्थी उत्तर देतो ते रुग्णाबद्दल: त्या दमल्या होत्या, त्यांना एकटं वाटत होतं. प्रश्न पुन्हा विचारला जातो. कधीकधी तिसऱ्यांदा विचारल्यावर खरं उत्तर येतं: मला काय बोलावं सुचेना, मी निरुपयोगी वाटलो. मग गटातला एक जण रुग्ण होतो, दुसरा पाळक, आणि संवाद तिसऱ्या ओळीपासून पुन्हा चालवून बघतात. रुग्ण झालेला विद्यार्थी हमखास सांगतो, "तू प्रार्थना म्हणालास तेव्हा मला वाटलं, विषय मिटला."

भेटीच्या बारीकसारीक रीती इथेच शिकवल्या जातात. दारावरची सूचना वाचायची, हात धुवायचे, नाव आणि आपण कोण ते सांगायचं, आता बोलायला वेळ बरी आहे का विचारायचं आणि ‘नको’ हे उत्तर आनंदानं घ्यायचं; इस्पितळात रुग्णाला ‘नको’ म्हणता येईल अशी माणसं फार थोडी असतात. खाटेच्या पायथ्याशी उभं राहायचं नाही, कारण रुग्णाला मान उचलून बघावं लागतं. खाटेवरही बसायचं नाही. खुर्ची त्याच्या डोळ्यांच्या पातळीला, थोडी तिरकी ठेवायची, म्हणजे त्याला आपल्याकडे बघायचं नसेल तर न बघण्याची मोकळीक राहते. रोग काय आहे ते आपण होऊन विचारायचं नाही. ‘दहा मिनिटं बसतो’ असं आधीच सांगायचं. हे शेवटचं विद्यार्थ्यांना रुक्ष वाटतं, पण वेळ ठरलेली असली की त्या दहा मिनिटांत घाई उरत नाही. आणि न ठरवता गेलेला पाळक पाचव्या मिनिटापासून निघायचं निमित्त शोधत असतो. प्रार्थनेच्या आधी एक प्रश्न: "कशासाठी प्रार्थना करू?" उत्तर क्वचितच अंदाजाप्रमाणे येतं. ज्याच्या पायाची शस्त्रक्रिया उद्या आहे तो म्हणतो, घरी धाकट्या भावाशी बोलणं तुटलंय. मग प्रार्थना त्याच्याच शब्दांत, त्यानं ज्या क्रमानं सांगितलं त्याच क्रमानं करायची. ती चार वाक्यांची होते. पुरते.

बायबलमधल्या दुःखी ईयोबाचे तीन मित्र त्याच्याशेजारी सात दिवस नि सात रात्री जमिनीवर एक शब्द न बोलता बसले होते. त्यांचं बिनसलं ते बोलायला लागल्यावर.

आता उपासनेचा तास. नवख्याला वाटतं, इथे संगीत, पोशाख, वेदीवरची हालचाल शिकायची. ती शिकायची असतेच, पण पहिले कित्येक आठवडे नुसतं शास्त्रवाचनात जातात. जागेवरून उठून वाचनपीठापर्यंत चालायचं, दोन्ही पाय टेकवायचे, मंडळीकडे बघायचं, पुस्तकाचं नाव सांगायचं, श्वास घ्यायचा आणि मग पहिला शब्द. मायक्रोफोन तोंडापासून वीतभर आणि किंचित बाजूला, म्हणजे ‘प’ आणि ‘भ’ फुटत नाहीत. उताऱ्याची मोठ्या टायपातली प्रत आदल्या दिवशी पेन्सिलीनं खुणा करून घ्यायची: श्वासाला एक रेघ, प्रसंग बदलला की दोन. मराठीत वाचणाऱ्यांचा एक दोष जवळपास सार्वत्रिक आहे. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं आणि नकार त्याच्याही मागे. वाचणारा वाक्य संपत आलं की पुढच्या वाक्याकडे धावतो, आवाज खाली पडतो, आणि जो शब्द गिळला जातो तोच अर्थाचा असतो. ‘परमेश्वर माझा मेंढपाळ आहे; मला काही उणे पडणार नाही’ या तेविसाव्या स्तोत्राच्या पहिल्या वाक्यात ‘नाही’ ऐकू आलं नाही तर मेंढपाळ असूनही उणेच पडणार अशी अवस्था होते. उपाय कंटाळवाणा आहे: एक माणूस चॅपेलच्या शेवटच्या बाकावर बसवायचा आणि त्यानं प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द मोठ्यानं परत म्हणायचा. जिथे त्याला म्हणता आला नाही तिथे थांबून पुन्हा. अर्ध्या तासात दहा ओळी होतात.

योहानाच्या शुभवर्तमानातल्या अकराव्या अध्यायावर हा सराव करावा असं मला मनापासून वाटतं. लाजर आजारी असल्याचा निरोप येतो आणि येशू आणखी दोन दिवस आहे तिथेच राहतो. पोहोचतो तेव्हा लाजराला कबरेत चार दिवस झालेले असतात. त्याची बहीण मार्था भेटते, मग दुसरी बहीण मरिया, दोघींचं गाऱ्हाणं एकच: तू इथे असतास तर. पुढे जे वचन येतं त्यात दोन शब्द आहेत, "येशू रडला." विद्यार्थी ते वाचतो आणि पुढच्या वचनावर जातो, कारण पुढे चमत्कार आहे आणि त्याला तो माहीत आहे. अंत्यविधीला जमलेल्या माणसांच्या आयुष्यात पुढचा चमत्कार घडलेला नसतो. ती त्या दोन शब्दांपाशीच उभी असतात. तिथे पेन्सिलीच्या दोन रेघा हव्यात आणि त्या रेघांवर खरोखर थांबायची हिंमत हवी. इथे मनात तीन आकडे मोजा असं शिकवतात. सुरुवातीला मोजायला हरकत नाही, पण मोजणारा आवाजात कळतो.

शांततेच्या जागा उपासनाविधीत आधीपासूनच ठेवलेल्या आहेत. रोमन, म्हणजे कॅथोलिक, विधीत "आपण प्रार्थना करू" असं म्हटल्यावर सगळ्यांनी क्षणभर शांत राहायचं, ज्यानं त्यानं आपलं मागणं मनात आणायचं आणि मग धर्मगुरूनं ती सगळी मागणी एकत्र बांधून मोठ्यानं प्रार्थना म्हणायची, असा क्रम आहे. ती शांतता गाळली की बांधायला काही उरत नाही. पापांगीकाराआधी, वाचनानंतर, उपदेशानंतर, प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारसाचा विधी) घेतल्यावर, सगळीकडे अशी जागा आहे. ती का गाळली जाते? उपासना चालवणारा पान शोधत असतो, म्हणून कधी ती अपघातानंच लांबते. आणि पान सापडलेलं असलं तर दोन सेकंदांत आटोपते. म्हणून आधी पानांना खुणेच्या फिती लावायला शिकवतात. हात मोकळे असतील तरच मन थांबतं. सरावाच्या प्रभुभोजनात पाणी आणि न आशीर्वादिलेल्या भाकरी घेतात. प्याला एका हातानं बुडाशी आणि दुसऱ्यानं देठाशी धरायचा. प्रत्येकानंतर कड आतून-बाहेरून पुसायची आणि प्याला थोडा फिरवून पुढच्याला द्यायचा. बाप्तिस्म्याच्या सरावाला बाहुली असते: डोकं डाव्या कोपराच्या खोबणीत, पाणी कोमट, आणि ते कपाळावरून मागे ओघळेल असं, डोळ्यांत नाही. बाळाचं नाव कार्डावर लिहून पुस्तकात. आईबापांनी आदल्या दिवशी सांगितलेलं नाव आठवेलच या भरवशावर उभं राहायचं नाही. अंत्यविधीत तर मृताचं नाव आणि घरचे त्याला काय म्हणत ते दोन्ही लिहून ठेवायचं, आणि कबरेपाशी वाऱ्यानं पानं उलटतात म्हणून सुटे कागद न्यायचे नाहीत. हे सगळं क्षुल्लक वाटणाऱ्या विद्यार्थ्याला एकदा चुकीच्या नावानंतरचे आईचे डोळे दिसतात आणि तो पुढे कधी क्षुल्लक म्हणत नाही.

राहिला तिसरा तास, ज्याला धड तास म्हणता येत नाही. इथे शिकवायला फार थोडं आहे आणि करायला रोजचं आहे. इजिप्तच्या वाळवंटात राहणारा इव्हाग्रियस हा चौथ्या शतकातला साधू दुपारच्या एका भुताचं वर्णन करतो. ते आलं की संन्याशाला दिवस पन्नास तासांचा वाटतो, तो सारखा खोलीबाहेर डोकावून सूर्य कुठे आला ते बघतो, कुणी भेटायला येतंय का बघतो, आणि त्याच्या मनात येतं की दुसरीकडे कुठे गेलो तर देवाची सेवा अधिक चांगली होईल. पाळकीय कामाचा उत्साह पुष्कळदा या भुताचाच असतो, ही गोष्ट विद्यार्थ्याला सांगून पटत नाही. जर्मन धर्मशास्त्रज्ञ डीट्रिख बॉनहोफर यांनी १९३५ मध्ये नाझी राजवटीला न जुमानणाऱ्या मंडळ्यांसाठी फिंकेनवाल्डे इथे सेमिनरी चालवली, तेव्हा रोज सकाळी अर्धा तास एका छोट्या शास्त्रपाठावर मूकपणे मनन करायचं आणि आठवडाभर तोच पाठ ठेवायचा असा दंडक घातला. टीका काढायची नाही, उपदेशाची टिपणं काढायची नाहीत, मूळ ग्रीक बघायचं नाही. विद्यार्थी कुरकुरले, या वेळात करायचं काय हेच त्यांना कळेना. बाहेरूनही, अगदी नामवंत धर्मशास्त्रज्ञ कार्ल बार्थ यांच्याकडूनसुद्धा, याला मठाचा वास येतो अशी शंका आली. १९३७ मध्ये गेस्टापोनं, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ती सेमिनरी बंद केली. ज्यांना पुढे तुरुंग आणि युद्ध बघायचं होतं त्यांना बॉनहोफर यांनी डावपेच शिकवण्याऐवजी एका पाठाशी अर्धा तास बसायला लावलं, याचं महत्त्व मला वर्षागणिक अधिक वाटत जातं.

उपदेशाची टिपणं काढायची नाहीत, हा नियम वरवर छोटा, पण मर्मावर बोट ठेवणारा. पाळक होऊ घातलेल्या माणसाला कुठलंही वचन स्वतःसाठी ऐकणं अवघड होऊन बसतं. वाचता वाचता त्याच्या डोक्यात रविवार सुरू होतो. प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन ल्यूथर यांनी १५३५ मध्ये आपल्या न्हाव्याला प्रार्थनेबद्दल पत्र लिहिलं, त्यात सांगितलं आहे की प्रभूची प्रार्थना म्हणत असताना मध्येच मनात चांगले विचार आपण होऊन येऊ लागले तर ठरवलेलं म्हणणं सोडून द्यावं आणि गप्प राहून ऐकावं. रात्रीच्या आत्मपरीक्षणाचंही तसंच. जेझुइट संघाचा संस्थापक इग्नेशियस याच्या पद्धतीत पाच पायऱ्या: आभार, प्रकाशाची विनंती, दिवसाचा मागोवा, पश्चात्ताप, उद्याचा निश्चय. दिवस संपताना पंधरा मिनिटं. बिघडतं ते असं की विद्यार्थी पहिली पायरी चुटकीसरशी ओलांडून थेट चुकांच्या हिशेबावर येतो, महिनाभर स्वतःला दोष देतो आणि मग कंटाळून सगळंच सोडतो. अनुभवी मार्गदर्शक अशा वेळी दोन आठवडे फक्त पहिली पायरी करायला सांगतात.

आणि मार्गदर्शक परीक्षक नसावा. कॅथोलिक कायद्यात हे स्पष्ट आहे: उमेदवाराला दीक्षा द्यायची की सेमिनरीतून काढायचं हे ठरवताना त्याच्या आध्यात्मिक मार्गदर्शकाचं किंवा कबुली ऐकणाऱ्याचं मत कधीही विचारायचं नाही, असं कॅथोलिक धर्मकायद्याच्या १९८३ च्या संहितेतलं २४० वं कलम सांगतं. ज्याच्या हातात आपलं भवितव्य आहे त्याच्यासमोर कुणीही कोरडी पडलेली प्रार्थना कबूल करणार नाही. तो चांगली प्रार्थना सादर करील. जिथे हे अंतर पाळलं जात नाही तिथे विद्यार्थी तीन-चार वर्षं आध्यात्मिकतेचा अभिनय शिकून बाहेर पडतो, आणि अभिनयाला घाई लागतेच, कारण तो फार वेळ टिकत नाही.

मनात एक शंकाही आहे. संथपणाही शिकवला जातो आणि शिकलेला संथपणा भयंकर असतो. मान तिरकी, आवाज मऊ, प्रत्येक वाक्यानंतर "मग तुम्हाला कसं वाटलं?" रुग्णाला तो एका मिनिटात ओळखू येतो. शिवाय थांबणं नेहमीच योग्य नसतं. शेवटच्या घटका मोजणाऱ्या माणसाजवळ लांब शांतता धरून बसलेला पाळक चुकतो. तिथे ओळखीचं स्तोत्र, प्रभूची प्रार्थना, आशीर्वाद, एवढं लगेच आणि स्पष्ट आवाजात हवं, कारण ऐकणं बहुधा सर्वांत शेवटी जातं. आणि संवादात एखाद्या मुलाच्या छळाची गोष्ट निघाली तर ‘आणखी ऐकू या’ म्हणून आठवडा काढणं हा गुन्हा आहे. ती त्याच दिवशी ठरलेल्या जबाबदार व्यक्तीपर्यंत पोहोचवायची, आणि ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन आधीच द्यायचं नाही. कॅथोलिक कबुलीची मोहर, म्हणजे कबुलीत ऐकलेलं कुणालाही न सांगण्याचं बंधन, मात्र कधीच मोडता येत नाही, म्हणून भेटीतलं बोलणं आणि कबुली यांतली रेषा धर्मगुरूनं त्या माणसासमोर आधीच स्वच्छ करायची असते. कुठे थांबायचं आणि कुठे नाही हे ओळखणं तंत्रानं येत नाही, पण ज्याला थांबताच येत नाही त्याला ते ओळखण्याची संधीच मिळत नाही.

२०१६ मध्ये व्हॅटिकननं काढलेल्या प्रशिक्षण-नियमांत तत्त्वज्ञानाच्या अभ्यासाआधी किमान एक आणि जास्तीत जास्त दोन वर्षं निव्वळ प्रार्थनेची, सहजीवनाची आणि स्वतःला ओळखण्याची ठेवली आहेत. ते मला फार योग्य वाटतं. उलट दुसऱ्या टोकाला, दीक्षेनंतर, प्रत्यक्षात जवळजवळ काहीच ठेवलेलं नसतं, आणि खरी पडझड तिथे होते. घंटा बंद होते, सकाळी शेजारी बसणारं कुणी नसतं, समासात काय लिहिलंस हे विचारणारं कुणी नसतं, आणि पहिल्याच महिन्यात तीन अंत्यविधी, दोन लग्नं आणि मंडळीच्या समितीची भांडणं येतात. म्हणून शेवटच्या वर्षातच विद्यार्थ्यानं तीन गोष्टी नावानिशी ठरवून बाहेर पडावं असं मला वाटतं: रोजच्या प्रार्थनेची जागा आणि वेळ, ज्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत असेल, महिन्यातून एकदा आकडे घातलेली नोंद घेऊन बसायला चार-पाच सहकाऱ्यांचा गट, आणि एक मार्गदर्शक, जो आपल्या बिशपच्या किंवा समितीच्या कार्यालयात काम करत नाही.